आईच्या वालातली ती अकरा हिरवी झाडं

जानेवारीत पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या त्या बेतासाठी, घरी गेले होते. रेवदंड्याच्या अलीकडे आमचं छोटंसं शेत आहे, भात कापून झालं की त्याच ओलीवर आई वाल पेरते, मी जन्मायच्या आधीपासून पेरते. पाणी द्यायचं नाही, खत जवळजवळ नाहीच, भाताची जी ओल जमिनीत उरलेली असते तेवढ्यावर आणि पहाटेच्या दवावर ते पीक उभं राहतं. आमचं वर्षाचं बिरडं, डाळिंब्यांची उसळ, मुंबईच्या मावशीकडे जाणारी पिशवी, सगळं त्यातूनच निघतं.

यावेळी शेतावर गेले आणि बांधावरच थांबले. अर्ध्याहून जास्त वाल पिवळा. हळदीचं पाणी शिंपडावं तसा, पानावर आधी पिवळे ठिपके, मग ठिपके एकमेकांत मिसळून मोठे पट्टे, आणि काही झाडं तर शेंड्यापर्यंत पूर्ण पिवळीधमक. एक पान हळूच उलटं केलं तर खालून पांढऱ्या माश्या उडाल्या, चुलीवर फुंकर मारली की राख उडते ना तेवढ्याच बारीक आणि तशाच हलक्या. आई मागून म्हणाली, "केवडा आलाय गो. यंदा बियाण्यापुरता मिळाला तरी बस." केवडा म्हणजे पिवळा मोझॅक, पांढरी माशी पसरवते तो विषाणूचा रोग. पोपटीला शेंगा शेजारच्या काकांकडून आणल्या.

पण त्या पिवळ्यात मधेमधे काही झाडं हिरवीगार होती. एखाद्या कोपऱ्यात एकत्र नाही, विखुरलेली. आजूबाजूची चारही झाडं पिवळी आणि मधलं एक हिरवं, शेंगा धरलेलं. मी सगळं शेत दोनदा फिरून मोजली, अकरा भरली.

मी गेली चार वर्षं कडधान्यांच्या रोगप्रतिकारक मार्करवर काम करते. आईला विचारलं तर ती सांगते, माझी मुलगी लॅबमधे पानं वाटते, आणि ते खरंच आहे, माझ्या दिवसातला बराच वेळ पानं वाटण्यातच जातो. त्या संध्याकाळी पोपटीच्या जाळाशी बसलेले असताना, मडकं उपडं घातलेलं, भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो वास सुटलेला, काकांनी विचारलं, "मग तुमच्या त्या मशिनीत पान घातलं की कळेल ना, कुठलं झाड रोग धरणार नाही ते?" मी हो म्हणाले, मग नाही म्हणाले, मग मडकं उघडायची वेळ झाली आणि ते तसंच राहिलं. त्यांना नीट उत्तर द्यायचं होतं ते इथे लिहितेय.

आधी हो का म्हणाले ते. आमच्या घरचा पत्ता सांगताना आम्ही घर नंबर सांगत नाही, 'पिंपळाच्या पुढे दुसरं घर' असं सांगतो. पिंपळ म्हणजे आमचं घर नव्हे, घरात काय चाललंय त्याचा पिंपळाला पत्ताही नाही, पण पिंपळ सापडला की घर सापडतं. मार्कर म्हणजे तो पिंपळ. झाडाच्या डीएनएमधे प्रतिकाराचं जीन कुठेतरी असतं, ते आपल्याला बहुतेक वेळा अजून नेमकं सापडलेलं नसतं, पण त्याच्या शेजारची एखादी खूण सापडलेली असते. ती खूण म्हणजे बऱ्याचदा अगदी साधी गोष्ट, एटीएटीएटी अशी एकच अक्षरं पुन्हापुन्हा आलेली, एका जातीत बारा वेळा तर दुसरीत सतरा वेळा. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायला जेलीसारखा एक थर वापरतात, त्याला जेल म्हणतात; लांबी वेगळी असली की त्या जेलवर पट्टी वरखाली दिसते. ज्या आईबापाकडून प्रतिकार आला त्याची पट्टी ज्या रोपात दिसते, त्या रोपात शेजारचं जीनही आलं असणार, असा तो हिशोब.

आणि हे सगळं रोपाला दोन पानं फुटली की कळतं! रोग यायची वाट बघायला नको, पांढरी माशी यायला नको. शेंगा तर फारच लांब राहिल्या.

गोम अशी की पिंपळ आणि घर यांच्यात अंतर असतं. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या आपापसात तुकड्यांची अदलाबदल करतात, आणि तो काप नेमका खूण आणि जीन यांच्या मधे पडला तर खूण एकीकडे आणि जीन दुसरीकडे जातं. मग तुम्ही पट्टी बघून रोप ठेवलंत आणि शेतात ते पिवळं पडलं. अंतर जितकं जास्त तितकी ही भीती जास्त. म्हणून जीनच्या दोन्ही बाजूंची एकेक खूण घ्यायची, एका हाताला पिंपळ आणि दुसऱ्या हाताला विहीर, दोन्ही जागेवर असतील तर मधलं घर हललेलं असण्याची शक्यता फारच कमी.

पानं वाटण्याबद्दल थोडं लिहिते कारण त्याबद्दल कुणी लिहीतच नाही. कोवळं पान घ्यायचं, खलात वाटायचं, सीटॅब नावाच्या द्रावणात ६५ अंशांवर ठेवायचं, मग क्लोरोफॉर्म घालून हलवायचं आणि फिरवायचं, वर आलेलं स्वच्छ पाणी वेगळं काढायचं आणि त्यात थंडगार आयसोप्रोपेनॉल सोडायचं. मग ट्यूब हळूच उलटीपालटी केली की आत पांढरा धागा उमटतो, कापूस पिंजताना हवेत एखादा तंतू तरंगतो ना तसा. तो डीएनए. मी हजारो वेळा बघितलाय, अजूनही तो दिसेपर्यंत हात थोडा सावकाश चालतो. जून पान घेतलंत तर धागा तपकिरी निघतो आणि पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पायरी, नीट लागत नाही, त्यामुळे पान कधी आणि कुठलं तोडायचं हेही शिकावं लागतं.

आता मार्कर नेमका कुठे उपयोगी पडतो त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण वाटाण्यातलं आहे. वाटाण्यावर भुरी येते, पानावर बुरशीचा पिठासारखा पांढरा थर, कोकणात थंडीतल्या कडधान्यांवर भुरी येते ती सगळ्यांनी बघितलीच असेल. वाटाण्यात तिला रोखणारं ईआर-वन नावाचं जीन १९४८ पासून माहीत होतं, पण ते काय करतं ते २०११ मधे उलगडलं. ते जीन काही करतच नाही, ते मोडलेलं आहे! चांगलं चालणारं जीन असलं की बुरशीला पानाच्या पेशीत शिरायला त्याची मदत होते, ते मोडलं की तिला आत शिरता येत नाही. आता मोडलेली प्रत आईकडून आली आणि चालणारी बापाकडून आली तर झाडाला भुरी येणारच, कारण एक चालणारी प्रत बुरशीला पुरते. म्हणजे अशा झाडाच्या आत प्रतिकाराची अर्धी बाजू लपलेली असते आणि नुसतं बघून आपण ते उपटून टाकतो. पूर्वी दर वेळी एक पिढी जास्त वाढवून, स्वपरागणानं बी घेऊन तपासावं लागायचं कुठे काय लपलंय ते. मार्करला दोन्ही प्रती वेगळ्या दिसतात, एका रेघेत दोन पट्ट्या, आणि ते झाड वाचतं. मेंडेलनं १८६६ मधे ज्या वाटाण्यावरून अनुवंशाचे नियम मांडले त्याच वाटाण्यात हे सापडावं याचा मला फार आनंद होतो.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. भुईमुगाची जेएल २४ म्हणजे फुले प्रगती ही जात जळगावची, महाराष्ट्रात कितीतरी घरांनी ती पेरली, पण तिच्यावर तांबेरा येतो. तांबेऱ्याला दाद न देणारी जीपीबीडी ४ ही जात धारवाडची, आणि तिच्यातला तो प्रतिकार मुळात एका जंगली भुईमुगातून आलेला, अरॅकिस कार्डेनासी नावाच्या, दक्षिण अमेरिकेतल्या. संशोधकांनी शोधलं की तांबेऱ्याच्या बाबतीत झाडाझाडांमधला जो फरक दिसतो त्यातला ८० टक्क्यांहून जास्त फरक डीएनएच्या एकाच पट्ट्यामुळे आहे. इतका मोठा वाटा एका जागी सापडणं म्हणजे लॉटरीच. मग तो पट्टा मार्करवर नजर ठेवून जेएल २४ मधे, ट्रॉम्बेच्या टीएजी २४ मधे आणि आयसीजीव्ही ९१११४ मधे नेला, ते काम २०१४ मधे प्रसिद्ध झालं.

हे करायचं म्हणजे पुनःपुन्हा जुन्या जातीशीच संकर करायचा. पहिल्या संकरात जुनी जात ५० टक्के, मग ७५, मग ८७.५, मग ९३.७५, आणि दर पिढीला मार्कर लावून बघायचं की तो एक पट्टा सुटला तर नाही ना. आपल्या जातीची चव, दाणा, वेळ सगळं तेच राहायला हवं, जंगली झाडाकडून फक्त ती एकच वस्तू उसनी घ्यायची. त्याच्या शेजारची नको असलेली जीन्स चिकटून येतात, जाड टरफल, उशिरा येणं वगैरे, ती सोडवायलाही मार्करच लागतात. आणि हे जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरचं जीन घातलेलं बियाणं, नव्हे, हे मला गावात दर वेळी सांगावं लागतं आणि मी दर वेळी सांगते. बाहेरून काही घातलेलं नसतं, फुलावर फूल लावून केलेला संकरच असतो तो, फक्त हजार रोपांतली कुठली ठेवायची ते पान वाटून ठरवलेलं असतं.

आता नाही का म्हणाले ते.

दोन वर्षांपूर्वी आईनं बाजारातून मुगाचं पाकीट आणलं होतं, वर छापलेलं, केवड्याला प्रतिकारक. मूग पिवळा पडला. आई दुकानदाराला बोल लावत होती, मला मात्र वेगळंच दिसत होतं. मुगावर पिवळा मोझॅक आणणारे विषाणू एकाहून जास्त आहेत. उत्तर आणि मध्य भारतात जो मुख्यतः सापडतो तो मूगबीन यलो मोझॅक इंडिया व्हायरस, आणि आपल्याकडे पश्चिमेला आणि दक्षिणेला मुख्यतः मूगबीन यलो मोझॅक व्हायरस. नावात एका शब्दाचा फरक, पानावर दिसायला दोघे सारखेच, माशीही तीच. पण एकाला अडवणारं झाड दुसऱ्याला अडवेलच असं नाही. म्हणून तिकडे खरा ठरलेला प्रतिकार इकडे खोटा पडू शकतो आणि त्या प्रतिकाराचा मार्करसुद्धा. पाकिटावर 'प्रतिकारक' छापताना कुठल्या विषाणूला आणि कुठे तपासलं तेही छापायला हवं असं माझं ठाम मत आहे, शेतकरी वाचतात, त्यांना कळतं.

माझ्या स्वतःच्या पहिल्या वर्षात मी एका प्रसिद्ध निबंधातला मुगाचा मार्कर घेऊन चार महिने काम केलं. माझ्या संकरातले आईबाप दोघेही त्या जागी सारखेच निघाले, पट्टी दोघांची एकाच उंचीवर. म्हणजे खूणच नाही, दोन्ही घरांपुढे पिंपळ. आधी आईबाप तपासायचे मग रोपं, हे मी त्या चार महिन्यांत शिकले आणि आता प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगते.

आणि वालाचं तर त्याच्याही अलीकडे अडलंय. वालावरचा पिवळा मोझॅक हा आणखी तिसराच, डॉलिकॉस यलो मोझॅक व्हायरस, तोही पांढऱ्या माशीतूनच पसरतो. तुरीचा जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, २०१२ पर्यंत वाचून झाला, आशा नावाच्या जातीचा, हरभऱ्याचा २०१३ मधे, मुगाचा २०१४ मधे. वालाचा चांगला, गुणसूत्रांपर्यंत जुळवलेला जीनोम यायला २०२३ उजाडलं, आणि तो आफ्रिकेतल्या संशोधकांच्या पुढाकारानं आला कारण वाल तिकडेही गरिबाचं पीक आहे. त्यांच्या कामातून असंही दिसलं की माणसानं वाल किमान दोनदा, वेगवेगळा, रानातून घरी आणला. मला ते वाचून आमच्या कणगीतल्या वालाचीच आठवण झाली, यातला कुठला आमचा. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, तिथून कोकण वाल नावाच्या जाती निघाल्या, पेरल्या जातात. पण आमच्यासारख्या घरांमधे आजीचं बी आहे, सासूनं सुनेला दिलेलं, आणि त्या बियाण्यात काय काय आहे ते कुणी वाचलेलं नाही.

म्हणून त्या अकरा झाडांकडे मी तासभर बघत बसले होते.

वाल बहुतेक स्वतःच्याच परागानं बी धरतो. त्यामुळे घरचं जुनं बी म्हणजे एक जात नसते, शेकडो वेगवेगळ्या सरळ वंशांची ती मिसळ असते, प्रत्येक झाड आपल्यासारखंच बी देतं आणि सगळी एकाच कणगीत राहतात. त्यातलाच एखादा वंश केवड्याला अडवणारा असू शकतो, आणि इतकी वर्षं तो आईच्या वालात गुपचूप पेरला जात असेल, फक्त रोग जोरात आला नाही म्हणून दिसला नसेल.

पण एक दुसरीही शक्यता आहे आणि ती जास्त मोठी आहे. त्या झाडांवर माशी बसलीच नसेल, किंवा रोगी माशी उशिरा आली असेल. याला आम्ही 'सुटलेलं झाड' म्हणतो. सुटलेलं झाड आणि अडवणारं झाड दिसायला एकच असतं, दोन्ही हिरवी. काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे येऊन अडतं. मशीन पट्टी दाखवेल, पण कुठली पट्टी निरोगी झाडाची आणि कुठली रोगी झाडाची हे मशीनला आधी कुणीतरी शेतात उभं राहून सांगावं लागतं. झाडाझाडाला १ ते ९ असे गुण द्यावे लागतात, १ म्हणजे स्वच्छ, ९ म्हणजे संपलेलं. दोन तीन हंगाम, एकाहून जास्त जागी. दर काही ओळींनंतर मुद्दाम रोगाला बळी पडणाऱ्या वालाची एक ओळ पेरायची, म्हणजे माशीला आणि विषाणूला घर मिळतं आणि रोग सगळीकडे सारखा पोचतो, मग कुणी सुटत नाही. डीएनए वाचणं आता स्वस्त झालंय, दरवर्षी आणखी होतंय. उन्हात उभं राहून खरे गुण देणारा माणूस तेवढा मिळत नाही. आमच्या क्षेत्रात सगळ्यात कमी मान त्या कामाला मिळतो आणि सगळं त्याच्यावरच उभं आहे.

जर ती झाडं खरंच अडवणारी निघाली तर पुढचं तसं सरळ आहे, वेळखाऊ पण सरळ. हिरव्या झाडाचा पिवळ्याशी संकर करायचा, वालाचं फूल लहान, कळी उमलायच्या आधी चिमट्यानं परागकोश काढायचे, आणि लावलेल्या फुलांतली कितीतरी गळून जातात. मग दुसऱ्या पिढीतली सगळ्यात हिरवी दहा झाडं आणि सगळ्यात पिवळी दहा झाडं घ्यायची, दहांचा डीएनए एका ट्यूबमधे आणि दहांचा दुसरीत. ही युक्ती १९९१ मधे लेट्यूसच्या भाजीवर काम करताना निघाली आणि मला ती फार सुंदर वाटते. दहा वेगवेगळ्या झाडांचं बाकी सगळं मिसळून एकसारखं होतं, दोन ट्यूबमधे फरक उरतो तो फक्त ज्या जागेवरून आपण त्यांना निवडलं तिथलाच. तिथे आपला पिंपळ असतो.

तर मी काय केलं. आईच्या जुन्या लाल साडीच्या काठाच्या चिंध्या फाडल्या आणि अकराही झाडांना बांधल्या. प्रत्येकाची दोन कोवळी पानं सिलिका जेलच्या पाकिटात घालून मुंबईला आणली, त्यात पान दोन दिवसांत कडकडीत वाळतं आणि डीएनए टिकतो. आईला सांगितलं, या शेंगा तोडायच्या नाहीत, झाडावरच वाळू द्यायच्या, आणि एका झाडाच्या दुसऱ्यात मिसळायच्या नाहीत. ती म्हणाली, अकरा डबे कुठून आणू. मग लग्नपत्रिकांची पाकिटं काढली, घरात ती भरपूर असतात, प्रत्येकावर आकडा.

फेब्रुवारीच्या शेवटी फोन आला. तीन झाडांवर उशिरा ठिपके आले, चार, सात आणि नऊ नंबर. म्हणजे ती तीन सुटलेली होती. आईनं ते माझ्या आधी ओळखलं, रोज संध्याकाळी जाऊन बघत होती आणि कॅलेंडरवर त्या त्या तारखेला नंबर लिहीत होती. मी कॅलेंडरचे फोटो मागवले. माझ्या लॅबच्या वहीत इतक्या नीट नोंदी नसतात.

उरलेली आठ पाकिटं राखेत घोळून डब्यात ठेवलीत, भुंगा लागू नये म्हणून. या वर्षी भात निघालं की आठ ओळी, मधेमधे पिवळ्या पडलेल्या झाडांच्या बियांची ओळ, आणि काकांनी त्यांच्या शेतातला एक तुकडा देऊ केलाय म्हणजे दुसरी जागाही झाली. काकांना गुण कसे द्यायचे ते मी दिवाळीत शिकवणार आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी रायगड रत्नागिरीकडचा जुना वाल असेल, विकतचा नाही, घरचा, आणि केवड्याच्या वर्षात त्यात हिरवी राहिलेली झाडं दिसली तर एवढंच करा: झाडाला चिंधी बांधा, शेवटपर्यंत बघत राहा, ठिपके आले तर तारीख लिहा, आणि त्या एका झाडाचं बी वेगळ्या पाकिटात ठेवा, गावाचं नाव लिहून. मग मला कळवा, पान कसं वाळवायचं ते मी सांगते.